पेन्शनवर चाललेली सेवा

डोंबिवलीतल्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्राचं शटर संध्याकाळी पाचला उघडतं आणि सातला बंद होतं. त्या दोन तासांत येणारा माणूस बहुतेक वेळा स्टेशनवरून परस्पर आलेला असतो, पाठीला सॅक, हातात डिस्चार्जचा कागद. आईला उद्या घरी सोडणार आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर आणि कमोडची खुर्ची हवी. कुणाला फाउलर बेड हवा असतो, कुणाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, कुणाला ऑक्सिजनचं मशीन. आम्ही अनामत घेतो, महिन्याचं नाममात्र भाडं घेतो, रजिस्टरात पत्ता आणि फोन लिहून घेतो आणि वस्तू देतो. परत आणताना काही जण हसत येतात, घरातला पेशंट चालायला लागलेला असतो. काही जण वस्तू दारात टेकवून गप्प उभे राहतात. अशा वेळी पावतीचं आणि अनामतीचं आधी काढायचं नाही, खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

केंद्र चालवणारे आम्ही सगळे निवृत्त. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका व्हीलचेअरची चाकं आणि ब्रेक दुरुस्त करतात. टेलिफोन खात्यातले दुसरे काका बिघडलेलं सक्शन मशीन उघडून बसतात. रजिस्टर शाळेतल्या एका बाईंकडे आहे, त्यांच्या अक्षराला आणि शिस्तीला आमच्यात तोड नाही. मी बँकेतली, म्हणून हिशेब माझ्याकडे. कुणालाच मानधन नाही. रिक्षाचे पैसेसुद्धा ज्याचे त्याने द्यायचे.

"तुमच्याकडे पगाराचा खर्च नाही, म्हणूनच तुम्हाला द्यावंसं वाटतं," हे वाक्य मी देणगीदारांकडून असंख्य वेळा ऐकलं आहे. पूर्वी ऐकलं की ऊर भरून यायचा. आता वाटतं, हे वाक्य चुकीचं आहे आणि आपल्या छोट्या संस्थांना ते घातकही ठरतं आहे. आमच्या कामाचे पैसे दर महिन्याला दिले जातात. संस्थेच्या खात्यातून जात नाहीत, म्हणून ते ताळेबंदात दिसत नाहीत, इतकंच.

माझंच उदाहरण घेते. १९७७ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा भराभर वाढत होत्या, भरती जोरात होती, आणि पदवी हातात असलेल्या मुलामुलींना परीक्षा देऊन कायमची नोकरी मिळत होती. नव्वदच्या दशकात बँकांमध्ये पेन्शन आली, तेव्हा पीएफच ठेवायचा की पेन्शन घ्यायची यावरून जेवणाच्या सुट्टीत वाद झडायचे. मी पेन्शन घेतली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरातल्या सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. त्यांत मीही होते. वय पंचेचाळीस, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी कॉलेजात, महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होणार, आणि लोकलच्या गर्दीत जाणारे रोजचे तीन तास एकाएकी हातात आलेले. केंद्रात मी आले ती सेवाभावाने आले हे खरं. पण तो सेवाभाव घेऊन मला रोज संध्याकाळी पाचला तिथे पोचता आलं, कारण महिन्याच्या किराण्याची चिंता मला नव्हती.

माझ्या आजूबाजूलाही तेच. एलआयसी, टपाल खातं, रेल्वे, शाळा, नगरपालिका, मंत्रालय. डोंबिवली-ठाण्यात गेल्या पंचवीस वर्षांत वाचनालयं, रक्तदानाची शिबिरं, अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं, गरीब मुलांच्या शिकवण्या, हे सगळं ज्या हातांनी उचललं त्या हातांत पेन्शनचं पासबुक होतं. गावोगावच्या 'क' आणि 'ड' वर्गांच्या ग्रंथालयांतही हेच चित्र दिसेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, त्याखाली सरकारी अनुदान मिळतं, २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढही झाली. तरी कपाटांची किल्ली संध्याकाळी वेळेवर फिरते ती बऱ्याच ठिकाणी एखाद्या निवृत्त गुरुजींमुळे.

ज्यांना अशी पेन्शन नव्हती त्यांचं काय झालं, हेही मी पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्याच गेल्या. आमच्या चाळीत त्यांतले काही होते. उत्तम संघटक माणसं. गणपतीचा मांडव एका रात्रीत उभा करतील, मयतीला सगळ्यांत आधी धावतील, वर्गणीचा पै-पैचा हिशेब देतील. साठीनंतर त्यांनी काय केलं? बिल्डिंगांच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बारा-बारा तासांच्या ड्युट्या केल्या. त्यांच्यात सेवाभाव आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. त्यांचा वेळ विकला गेला होता. समाजकार्य करणारा निवृत्त माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा मध्यमवर्गीय आणि पांढरपेशा का असतो, याचं उत्तर स्वभावात शोधण्याआधी पासबुकात शोधलं पाहिजे.

दुसरा न मोजलेला पगार घरातून जातो. आमचे काका पाचला येतात तेव्हा घरचा चहा घेऊन येतात आणि साडेसातला परततात तेव्हा आमटी-भाताचा कुकर झालेला असतो. त्यांच्या दोन तासांमागे कुणाचे तरी दोन तास असतात. आम्ही बायका केंद्रात येतो तेव्हा भाजी चिरून, कणीक भिजवून येतो. ऑफिसातून निवृत्त झालेल्या बाईला स्वयंपाकघरातून निवृत्ती मिळत नाही, आणि आता नातवंडांना पाळणाघराऐवजी आजीकडे ठेवण्याची गरज प्रत्येक घरात आहे. आमच्याकडून गेल्या पाच-सहा वर्षांत जितक्या बायका सुटल्या त्यांतल्या बहुतेक कंटाळून सुटल्या नाहीत. सुनेची मॅटर्निटीची रजा संपली म्हणून सुटल्या.

हे सगळं आजच सांगायचं कारण असं की हा न दिसणारा पैसा आटत चालला आहे. केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ नंतर, महाराष्ट्र राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर, आणि सरकारी बँकांत १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली. नंतर राज्याने आणि केंद्राने हमीच्या सुधारित योजना आणल्या. पण मुळात अशा नोकऱ्याच आता थोड्यांच्या वाट्याला येतात. खाजगी नोकरीतल्या माणसाला भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून मिळणारी किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. एक हजार रुपयांत ब्लडप्रेशर-शुगरच्या गोळ्यांचा महिना निघत नाही. पुढच्या पंधरा वर्षांत साठीला येणारी पिढी आमच्याहून शिकलेली, कॉम्प्युटर जाणणारी, कदाचित आमच्याहून मोठ्या मनाची असेल. पण साठीनंतर ती कन्सल्टन्सी शोधत असेल, ट्यूशन घेत असेल, मुलांच्या शिक्षणाचं कर्ज फेडत असेल. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटी अकरा लाखांच्या आसपास होते. माणसं वाढणार आहेत. त्यांचा मोकळा वेळ त्या हिशेबाने वाढणार नाही.

मग काय करायचं? आधी एक जुनी गोष्ट. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर काम करायचं अशी रीत होती. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये तिथून निवृत्त झाले ते तीस रुपये पेन्शन घेऊन. त्यागाची ही परंपरा आपण भाषणांत सांगतो, आणि सांगताना तिच्यातलं व्यवहाराचं अंग गाळून टाकतो. त्या लोकांनी वर्षं मोजली होती, रुपये ठरवले होते, म्हातारपणाची तजवीक केली होती. त्यांनी कमी घेतलं, पण किती घेणार आणि किती काळ देणार हे कागदावर होतं. आमच्या संस्थांत यातलं काहीच कागदावर नसतं. किती दिवस येणार, किती तास देणार, कधी थांबणार, कुणाच्या हाती सोपवणार, सगळं मोघम. त्या मोघमपणाला आम्ही निरपेक्ष सेवा म्हणतो.

फुकट काम करणाऱ्याला जाब कसा विचारायचा, हा त्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या ट्रस्टवर सात विश्वस्त होते. तीन वर्षांच्या काळात दोघे वारले, एक मुलाकडे बंगलोरला गेले. आम्ही शोकसभा घेतली, फोटोला हार घातला, बैठकीत नव्या तिघांची नावं मंजूर केली, इतिवृत्तात लिहिली. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिला नाही. कुणी द्यायचा होता? आमच्या चिटणीसांनी. ते त्र्याहत्तर वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि इतकी वर्षं जीव तोडून काम केलेले. दर बैठकीत विषय निघायचा, ते म्हणायचे 'करतो', आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो. त्यांना दुखवणार कोण? मी हिशेब बघत होते, मला कायदा माहीत होता, मीही बोलले नाही.

पुढे बँकेने नियमाप्रमाणे केवायसीसाठी विश्वस्तांची अद्ययावत यादी मागितली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जी नावं होती त्यांतली दोन माणसं हयात नव्हती. सह्यांचा घोळ झाला आणि खात्यातून पैसे काढणं पाच महिने बंद पडलं. चूक बँकेची नव्हती, कार्यालयाचीही नव्हती. ती निखालस आमची होती. त्या पाच महिन्यांत वस्तू परत येतच होत्या, आणि लोक अनामत मागत होते. एक बाई नवऱ्याचा बेड परत घेऊन आल्या. दिवसकार्य तोंडावर होतं, अनामत त्यांना त्याच दिवशी हवी होती आणि ती त्यांची हक्काची होती. आम्ही चौघांनी पर्समधून, खिशातून गोळा करून दिली. त्यांनी हात जोडून आमचे आभार मानले. त्या आभारांची लाज मला अजून वाटते.

दुसरा प्रसंग करोनाचा. २०२० मध्ये पासष्टीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये असं सांगितलं गेलं, आणि आमचं केंद्र अख्खं पासष्टीच्या वरचं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनची मशीन मिळवण्यासाठी लोक रडत फोन करत होते. मशीन आमच्या शटरच्या आत होती आणि किल्ली बहात्तर वर्षांच्या माणसाच्या घरात. शेवटी शेजारच्या सोसायटीतल्या पाच-सहा पोरांनी किल्ली मागून घेतली. त्यांनी रात्री-अपरात्री मशीन पोचवली, बेड चार-चार मजले खांद्यावरून चढवले, परत आलेली प्रत्येक वस्तू पुसून घेतली. आम्ही घरून फोनवर रजिस्टर चालवलं. लाट ओसरल्यावर आम्ही त्यांचा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, आणि किल्ली परत घेतली. आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, संस्थेच्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक ही. चेंज रिपोर्ट उशिरा का होईना देता आला. ती पोरं पुन्हा आली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक छोट्या संस्थेने वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या शेजारी तासांचाही हिशेब छापावा. आमचं केंद्र आठवड्यातून सहा दिवस, रोज दोन तास, दोन माणसांवर चालतं. म्हणजे नुसत्या काउंटरचेच आठवड्याला चोवीस तास, वर्षाला बाराशेच्या वर. दुरुस्ती, हिशेब, सरकारी कागद हे त्याशिवाय. हा आकडा छापला की देणगीदाराला कळेल की या संस्थेला सगळ्यांत मोठी देणगी कुणी दिली आहे. आणि संस्थेलाही कळेल की उद्या हे तास आले नाहीत तर किती पैसे उभे करावे लागतील. स्वयंसेवकाला रिक्षाचे आणि फोनचे पैसे द्यावेत, त्याने मागायची वाट पाहू नये. ज्याला गरज नाही तो ते दानपेटीत टाकेल. पण ज्याला आहे, त्या वॉचमनच्या केबिनमधून सुटलेल्या माणसालाही मग केंद्रात यायची वाट मोकळी होईल. पदाधिकाऱ्याची मुदत ठरलेली असावी आणि ती संपली की थांबावं, तब्येत धडधाकट असतानाच थांबावं. सहा महिने मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्याने ते आधी सांगावं, त्यात संकोच कसला? उरलेल्या सहा महिन्यांचं काम ठरवता येतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जी कामं चुकली तर दुसऱ्याचं नुकसान होतं, ती पगारी माणसाकडे असावीत. अनामतीचा हिशेब, कायद्याचे कागद, मशीनची वेळच्या वेळी तपासणी. त्यासाठी अर्धवेळ का होईना, एक माणूस नेमावा आणि त्याला किमान वेतनाच्या दराखाली राबवू नये. आपण फुकट काम करतो म्हणून दुसऱ्यानेही स्वस्तात करावं, ही अपेक्षा निवृत्तांच्या संस्थांत फार खोल रुजलेली आहे. कित्येक वाचनालयांत रोज आठ तास उभ्या असणाऱ्या मुलीला जे हातावर ठेवलं जातं, ते समितीतल्या एकाही माणसाने आपल्या तरुणपणी स्वीकारलं नसतं.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पैसा आला की सेवा गेली, हे पहिलं. मी तेवीस वर्षं बँकेत पगार घेऊन काम केलं. काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या खातेदाराची स्लिप भरून देताना माझ्या मनात पगाराचा विचार कधी आला नाही. पगारी नर्स रात्री दोनला उठून पेशंटची कूस बदलते, तिला आपण सेवाच म्हणतो. दुसरं उत्तर अधिक हळवं आहे. निवृत्त माणसांना या कामाची गरज असते, एकटेपण जातं, दिवसाला आकार येतो, त्यांच्याकडून हे काढून घेऊ नका. हे मला मनापासून पटतं. माझे यजमान गेले त्यानंतरच्या वर्षभरात संध्याकाळचे पाच वाजणं हाच माझा आधार होता. पण खुब्याचं हाड मोडलेल्या आईचा वॉकर माझ्या एकटेपणावर अवलंबून असू नये. मला ताप आला, मी नातवाच्या मुंजीला गेले, मी या जगातून गेले, तरी पाचला शटर उघडलं पाहिजे.

हे सगळं समितीसमोर मांडायला मला दोन वर्षं लागली. भाड्याचं उत्पन्न आणि दोन देणगीदारांचं लेखी आश्वासन यांच्या जोरावर गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक मुलगी नेमली. कॉमर्स झालेली, तिशीच्या आतली, पहाटे पोळीभाजीचे डबे करणारी. दुपारी तीन ते सात ती केंद्रात असते. पहिल्या महिन्यात तिने रजिस्टर कॉम्प्युटरवर घेतलं आणि तीन वर्षांपूर्वी नेलेल्या, परत न आलेल्या अकरा वस्तूंची यादी काढून समितीपुढे ठेवली. त्यांतल्या सात आता परत आल्या आहेत. विश्वस्तांची यादी, ऑडिटच्या तारखा, आयकराच्या नोंदणीची पाच वर्षांची मुदत कधी संपते, हे सगळं तिने एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे.

येत्या ३१ मार्चला माझी खजिनदारपदाची मुदत संपते आणि पुढची मी घेतलेली नाही. चेंज रिपोर्टचा अर्ज टाईप करून तयार आहे. एप्रिलपासून माझ्याकडे गुरुवार आहे, पाच ते सात, काउंटरवर. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिला फोन करायचा, असं तिने मला सांगितलं आहे.